रे आणि नोराचा निरोप: सुखान्त असूनही तो अपुरा का वाटतो?

प्रश्न: काळप्रवासी

(ज्यांनी ‘लेजेंड्स ऑफ टुमॉरो’ ही काळात प्रवास करणाऱ्या सुपरहिरोंची अमेरिकी मालिका अजून पाहिलेली नाही, त्यांनी ही चर्चा वाचू नये, पुढे बहुतेक सगळे उघड केलेले आहे.)

या मालिकेच्या पाचव्या पर्वातला सातवा भाग मी नुकताच पुन्हा पाहिला. मार्च २०२० मध्ये प्रसारित झालेल्या या भागात रे पामर आणि नोरा डार्क ही जोडी चमूचे वेव्हरायडर हे काळप्रवासाचे जहाज कायमचे सोडते. त्याच्या आधीच्याच भागात नोराचे वडील डेमियन डार्क यांच्या उपस्थितीत त्यांचे लग्न झालेले असते. म्हणजे दोघे जिवंत आहेत, एकमेकांसोबत आहेत, आनंदात आहेत, आणि कोणीही त्यांना हाकललेले नाही. कागदावर याहून चांगला शेवट मागता येणार नाही. तरीही भाग संपल्यावर मला जी रुखरुख लागली, ती पहिल्या पर्वात त्यांच्या चमूतल्या लेनर्ड स्नार्टने प्राण दिले तेव्हाही लागली नव्हती.

रे हा या मालिकेचा पहिल्या दिवसापासूनचा माणूस. २०१४ मध्ये ‘ॲरो’ या याच कथाविश्वातल्या मालिकेच्या तिसऱ्या पर्वात तो आला, २०१६ पासून ‘लेजेंड्स’मध्ये होता, आणि कोणत्याही दुष्ट माणसात काहीतरी चांगले सापडेलच या त्याच्या भाबड्या खात्रीमुळे पुष्कळदा हसे होऊनही अखेरीस तोच बरोबर ठरत असे. नोरा ही त्या खात्रीची सर्वांत मोठी कमाई. तिसऱ्या पर्वात खलनायिका म्हणून आलेली, राक्षसी शक्तीने पछाडलेली मुलगी पाचव्या पर्वापर्यंत लहान मुलांच्या इच्छा पुरवणारी परी झालेली असते, हा प्रवास कोणाला सांगितला तर तो हसेल. पडद्यावर मात्र तो पटतो.

असे असताना त्यांना निरोप द्यायला मालिकेने शेक्सपिअरच्या काळातला एक विनोदी भाग निवडला, रे शेवटपर्यंत आपला जिवलग मित्र नेट याला खरी गोष्ट सांगायचे टाळत राहिला, आणि बघता बघता सगळे आवरले. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आवडत्या पात्राचा मृत्यू आपण तुलनेने लवकर पचवतो, पण त्याचे नुसते निघून जाणे मनात अडकून राहते, असे का होते? आणि सुपरहिरो मालिकांमध्ये असा निरोप खऱ्या अर्थाने जमलेला तुम्हाला कुठे आढळला?

प्रतिसाद: पडद्यामागे

आपल्या रुखरुखीचा काही भाग कथेत नसून कथेच्या बाहेर आहे, असे मला वाटते. रे आणि नोराच्या भूमिका करणारे ब्रँडन राउथ आणि कोर्टनी फोर्ड हे त्या वेळी प्रत्यक्षातही पतिपत्नी होते, आणि ते दोघे मुख्य कलाकारांमधून बाहेर पडणार हे ऑगस्ट २०१९ मध्येच जाहीर झाले होते. त्यामुळे जानेवारी २०२० मध्ये पाचवे पर्व सुरू झाले तेव्हा नियमित प्रेक्षकांपैकी जवळजवळ सर्वांना ठाऊक होते की हे दोघे काही भागांचे पाहुणे आहेत. पुढे राउथ यांनी हा निर्णय आपला नव्हता हेही उघडपणे सांगितले. एकदा हे कळले की रे जेव्हा ‘आता आमच्या संसाराची वेळ झाली’ अशा अर्थाचे काही बोलतो, तेव्हा त्या वाक्यामागे पात्राची इच्छा कमी आणि निर्मात्यांची गरज जास्त ऐकू येते. मृत्यूच्या प्रसंगात अशी शंका फारशी येत नाही, कारण मरणाऱ्या पात्राला कोणी त्याची इच्छा विचारत नाही.

वर्षानुवर्षे चालणाऱ्या अमेरिकी मालिकेत मुख्य कलाकारांचे करार अनेक पर्वांचे असतात, मानधन पर्वागणिक वाढत जाते, आणि ‘लेजेंड्स’सारख्या आठ-दहा मुख्य पात्रांच्या मालिकेत नवा माणूस जहाजावर घ्यायचा तर जुन्यापैकी कोणाला तरी उतरवावे लागते. या मालिकेने ही अडचण कधी लपवली नाही. उलट माणसे येणारच आणि जाणारच हे तिने आपल्या स्वभावाचा भाग करून टाकले. राउथ यांच्या बाबतीत आणखी एक योग असा की याच्या जेमतेम दोन-तीन महिने आधी, डिसेंबर २०१९ ते जानेवारी २०२० या काळात दाखवलेल्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या संयुक्त कथेत, ते २००६ च्या चित्रपटानंतर प्रथमच सुपरमॅनच्या वेषात आले होते. ज्या नटाला त्या कथेने इतका मोठा मान दिला, त्याला स्वतःच्या मालिकेतून पर्वाच्या मध्यावर, पंधरापैकी सातव्याच भागात, निघावे लागले. चाहत्यांना लागले ते हे.

भाग विनोदी होता याबद्दल मात्र माझी तक्रार नाही. रे गंभीर भागात गेला असता तर तो रे वाटला नसता.

प्रतिसाद: निळा बीबो

काळप्रवासी, आपला पहिला प्रश्न मला या साऱ्या मालिकांच्या मुळाशी जाणारा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुपरहिरो मालिकांमध्ये मृत्यूला किंमत उरलेली नाही. ज्या सारा लान्सच्या नेतृत्वाखाली हे जहाज चालते, ती स्वतः ‘ॲरो’च्या तिसऱ्या पर्वाच्या पहिल्याच भागात मारली गेली होती आणि लॅझरस कुंडातून परत आली. तिची बहीण लॉरेल २०१६ मध्ये मेली, चाहते संतापले, आणि तीच अभिनेत्री दुसऱ्या पृथ्वीवरची लॉरेल म्हणून पुन्हा मुख्य कलाकारांत आली. ‘द फ्लॅश’ या याच कथाविश्वातल्या मालिकेत हॅरिसन वेल्स किती वेळा आणि किती रूपांत आला याचा हिशेब ठेवणेच मी सोडून दिले. मार्व्हलच्या ‘एजंट्स ऑफ शील्ड’चा फिल कोलसन तर २०१२ च्या चित्रपटात मेल्यानंतर २०१३ मध्ये स्वतःची मालिका घेऊन आला, पाचव्या पर्वाच्या शेवटी पुन्हा गेला, आणि सातव्या पर्वात यंत्रमानव होऊन परतला. समांतर पृथ्व्या, कालप्रवास, प्रतिरूपे आणि यंत्रमानव हाताशी असताना मेलेला माणूस पाहुणा कलाकार म्हणून केव्हाही बोलावता येतो, हे प्रेक्षकाला पुरते कळून चुकलेले असते. त्यामुळे मृत्यू पाहताना आपण रडतो, पण मनाच्या एका कोपऱ्यात वाट पाहणे चालूच ठेवतो.

घरी गेलेल्या माणसाची अशी वाट पाहता येत नाही. त्याला परत आणायचे म्हणजे त्याचे मिळालेले सुख मोडायचे. रेला पुन्हा जहाजावर कायमचे आणण्यासाठी त्याचा संसार उधळावा लागला असता, आणि असे व्हावे अशी इच्छा त्याच्यावर खरोखर प्रेम करणारा कोणताही चाहता करू शकत नाही. म्हणजे आपली अडचण अशी की ज्याला परत आणायला आपण आतुर आहोत, त्याने परत येऊ नये असेही आपल्यालाच वाटते. मृत्यूत ही ओढाताण नसते.

याच मालिकेतले स्टाइन आणि जॅक्स आठवा. फायरस्टॉर्म हा एक नायक दोन माणसांनी मिळून बनलेला: एक वयस्कर पदार्थवैज्ञानिक, दुसरा गाड्या दुरुस्त करणारा तरुण. तिसऱ्या पर्वात प्राध्यापक स्टाइन यांना नातू होतो, त्यांना घरी जायचे असते, आणि जॅक्स त्यांना मोकळे करण्यासाठी दोघांमधला दुवा तोडण्याचा उपाय शोधत असतो. म्हणजे कथेने आपल्याला घरी जाण्याच्या निरोपाची तयारी करायला लावली. प्रत्यक्षात स्टाइन यांची भूमिका करणारे व्हिक्टर गार्बर ब्रॉडवेवरील नाटकासाठी मालिका सोडणार होते, आणि नोव्हेंबर २०१७ मधल्या ‘क्रायसिस ऑन अर्थ-एक्स’मध्ये स्टाइन यांनी जखमी अवस्थेत तोच उपाय स्वतःवर वापरला, कारण दुवा राहिला असता तर जॅक्सही मेला असता. घराकडे नेणारे औषध मरणाकडे नेणारे ठरले. या मालिकेत इतके निर्दय आणि इतके नेमके लेखन मला दुसरे दिसले नाही.

तरीही मला अधिक टोचला तो त्यानंतरच्या आठवड्यातला जॅक्सचा निरोप. त्या भागात इ.स. १००० च्या सुमाराच्या व्हायकिंग वस्तीत १९९० च्या दशकातला तरुण स्टाइन येऊन पडतो, त्याच्या हातात आपल्या मुलीसाठी घेतलेले निळे बोलके खेळणे असते, आणि व्हायकिंग लोक त्या खेळण्यालाच देव मानू लागतात. सगळीकडे हसण्याचे प्रसंग, आणि त्यांच्या मधोमध हा मुलगा उभा, ज्याला या तरुण माणसाला त्याचे भविष्य सांगून टाकावेसे वाटते. शेवटी तो जहाज सोडतो ते कोणी मारले म्हणून नाही. ज्याच्यामुळे तो तिथे होता तो आता नाही, म्हणून. पर्वाच्या अखेरीस तो थोडा वेळ परत येतो तेव्हा त्याचे लग्न झालेले असते आणि मुलीचे नाव मार्टिना असते. त्या नावात मार्टिन स्टाइन आहेत, त्यावर कोणी भाषण करत नाही.

प्रतिसाद: सरळ रेघ

मी याच्याशी सहमत नाही. मृत्यूची किंमत मालिकांनी स्वतः घालवली, हे खरे. पण त्यावरचा उपाय म्हणून प्रत्येक पात्राला सुखी संसारात पाठवणे ही सोयीची वाट आहे. नायकाचे काम धोक्याचे असेल तर त्यात कधीतरी कोणीतरी कायमचे जायला हवे, नाहीतर धोका हा शब्द तेवढा उरतो. स्नार्टचा मृत्यू मला आजही योग्य वाटतो, कारण स्वतःपलीकडे न पाहणारा चोर इतरांसाठी थांबतो, आणि त्याचे जाणे पुढे त्याचा साथीदार मिक रोरी याच्या वागण्यात अनेक पर्वे दिसत राहते. रे गेल्यावर तीन-चार भागांत जहाजावर जणू काही घडलेच नाही. तक्रार करायची तर ती निरोपाच्या भागाबद्दल न करता त्यानंतरच्या भागांबद्दल करावी.

प्रतिसाद: शेवटची फेरी

आपल्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर एकच आहे: ‘एजंट्स ऑफ शील्ड’च्या तिसऱ्या पर्वातला तेरावा भाग, जो २२ मार्च २०१६ रोजी दाखवला गेला आणि ज्यात बॉबी मोर्स आणि लान्स हंटर हे हेर शील्ड ही गुप्त संघटना सोडतात.

कथा थोडक्यात अशी. दोघे रशियात एका गुप्त कामगिरीवर पकडले जातात. चौकशीत ते संघटनेचे नाव घेत नाहीत, आणि संघटनेलाही त्यांना जाहीरपणे आपले म्हणता येत नाही, कारण तसे केले तर प्रकरण दोन देशांमधल्या युद्धाच्या दिशेने जाईल. सुटका होते, पण त्यापुढे त्यांना या लोकांशी कसलाही संबंध ठेवता येणार नाही. म्हणजे जाण्याचे कारण लेखकांनी वरून चिकटवलेले नाही. त्यांच्या कामाच्या स्वरूपातूनच ते आलेले आहे.

शेवटी दोघे एका मद्यालयात बसलेले असतात. त्यांनी न मागवलेला एक पेला टेबलावर येतो, मग आणखी येतात. ते मान वर करून पाहतात, तर त्यांचे सहकारी त्याच खोलीत वेगवेगळ्या ठिकाणी, एकमेकांना न ओळखल्यासारखे बसलेले असतात. भेटायला, मिठी मारायला, बोलायला बंदी. प्रत्येक जण लांबूनच पेला उंचावतो. सर्वांत शेवटी मॅक दिसतो. तो धिप्पाड माणूस डोळ्यांतले पाणी आवरू शकत नाही. हेरांनी द्यावा तसा हा निरोप आहे, आणि म्हणूनच मी तो रे-नोराच्या निरोपाच्या वर ठेवतो: रे आणि नेटला बोलायला सगळी मोकळीक होती, ते बोलले, मनासारखे रडले; इथे एका वाक्याचीही सोय नव्हती, त्यामुळे दोन पर्वांचे सगळे साहचर्य त्या नजरांवर येऊन पडले.

आता यातली खरी गंमत, किंवा दुर्दैव म्हणा. बॉबी आणि हंटरच्या भूमिका करणाऱ्या एड्रियान पॅलिकी आणि निक ब्लड यांना मालिकेतून काढले गेले ते त्यांच्या स्वतंत्र मालिकेसाठी, जिचे नाव ‘मार्व्हल्स मोस्ट वाँटेड’ ठरले होते. तिचा पहिला भाग चित्रितही झाला. आणि निरोपाचा भाग दाखवून दोन महिनेही झाले नव्हते तोच, मे २०१६ मध्ये, एबीसी वाहिनीने ती मालिका घ्यायला नकार दिला. ज्या प्रवासासाठी आपण त्यांना निरोप दिला, तो प्रवास कधी सुरूच झाला नाही. हंटर डिसेंबर २०१७ मध्ये पाचव्या पर्वातल्या एका भागापुरता जुना सहकारी फिट्झच्या मदतीला आला. बॉबी पुन्हा दिसली नाही. निर्मात्यांच्या हिशेबातून जन्मलेला हा निरोप होता, त्याचे प्रयोजनही फसले, आणि तरी भाग टिकून राहिला. म्हणून ‘पडद्यामागे’ यांचे म्हणणे मला निम्मेच पटते: बाहेरचे कारण प्रेक्षकाला माहीत असणे हा अडथळा नाही. पात्राला स्वतःचे कारण दिलेले असले की बाहेरचे कारण माहीत असूनही मध्ये येत नाही. रेच्या बाबतीत ते कारण घाईघाईने दोन भागांत बसवले गेले.

प्रतिसाद: काळप्रवासी

सर्वांचे आभार. निळा बीबो यांनी मांडलेली ओढाताण वाचल्यावर माझी रुखरुख मला अधिक स्पष्ट झाली. ‘सरळ रेघ’ यांचा मुद्दाही मला महत्त्वाचा वाटतो. निरोपाचा भाग पुन्हा पाहताना माझ्या लक्षात राहिला तो नेट, रे नव्हे. आपला सर्वांत जवळचा मित्र जाणार हे आपल्याला सर्वांत शेवटी कळते याचा त्याला आलेला राग नेटची भूमिका करणाऱ्या निक झेनोने फार चांगला दाखवला आहे. मग त्या रागाचे पुढे काय झाले? रे गेल्यानंतरचा नेट मालिकेने आपल्याला पुरेसा दाखवला का?

प्रतिसाद: पडद्यामागे

पुरेसा नाही, पण अगदीच विसरलाही नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये या मालिकेचा शंभरावा भाग आला, तो सारा लान्सची भूमिका करणाऱ्या केटी लॉट्झ यांनीच दिग्दर्शित केला होता, आणि त्यात राउथ, गार्बर, फ्रांझ ड्रामे, आर्थर डार्व्हिल ही जुनी मंडळी जहाजाच्या स्मृतींच्या निमित्ताने पुन्हा दिसली. त्यातली मजा स्मरणरंजनाची होती, हे मान्य.

‘शेवटची फेरी’ यांच्या मुद्द्याला जोडून सिस्को रेमॉनचे उदाहरण देतो. ‘द फ्लॅश’मध्ये ही भूमिका करणारे कार्लोस वाल्देस पहिल्या भागापासून होते, खलनायकांना नावे देण्याचा मान सिस्कोचा होता, आणि पाचव्या पर्वाच्या शेवटी त्याने आपल्या शक्ती स्वतःहून सोडल्या तेव्हापासूनच तो साध्या आयुष्याकडे सरकत होता. त्यामुळे जून २०२१ मध्ये सातव्या पर्वातल्या बाराव्या भागात तो नव्या नोकरीसाठी शहर सोडतो, तेव्हा ते दोन वर्षांपूर्वीच्या निर्णयाचे पुढचे पाऊल वाटते. त्याच पर्वाच्या अखेरीस तो लढाईला धावून आला, त्यामुळे तो येत-जात राहील अशी सर्वांची समजूत झाली. मालिका त्यानंतर आणखी दोन पर्वे चालली आणि मे २०२३ मध्ये संपली, पण शेवटच्या भागातही सिस्को आला नाही. मेलेली किती तरी माणसे त्या मालिकेत परतली. नोकरी बदललेला मात्र परतला नाही. निळा बीबो यांच्या म्हणण्याला याहून चांगला पुरावा मला देता येणार नाही.

प्रतिसाद: निळा बीबो

नेटबद्दल: तो स्वतःही गेला, आणि घरीच गेला. मार्च २०२२ मध्ये दाखवलेल्या सातव्या पर्वाच्या शेवटच्या भागात त्याची पोलादी शक्ती जाते आणि तो आपल्या प्रेयसी झारीबरोबर तिच्या ताईताच्या आतल्या जगात राहायला निघतो. रेने ज्या कारणासाठी जहाज सोडले होते, नेमक्या त्याच कारणासाठी. दोन पर्वांपूर्वी ज्याला मित्राचे हे पाऊल उमगत नव्हते, त्याने तेच उचलले. हे लेखकांनी ठरवून केले की ओघात झाले याची मला पर्वा नाही. मला ते रे-नोराच्या भागाचा राहिलेला उत्तरार्ध वाटते, आणि तो जोडून पाहिला की तुमची रुखरुख थोडी तरी कमी होईल.

त्याच भागात उरलेल्या सगळ्या चमूला काळाचे पोलीस पकडून नेतात, पुढे काय ते पुढच्या पर्वात कळावे अशा बेताने. पुढचे पर्व आलेच नाही. एप्रिल २०२२ मध्ये वाहिनीने मालिका बंद केली. एकशे दहा भाग चाललेल्या या मालिकेत स्टाइन, जॅक्स, रे, नोरा, नेट या सगळ्यांना निरोप मिळाला. पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत जहाजावर राहिलेल्या साराला तो मिळाला नाही.